कंबरेच्या चार बोटं खाली

नवं राज्य झालं आणि आमच्या यजमानांची कचेरी उज्जैनहून भोपाळला निघाली. बिऱ्हाड हलायच्या आत मला इंटरची परीक्षा द्यायची होती. तिकडे गेल्यावर पुन्हा पुस्तकं हातात येतील, याचा काही भरवसा नव्हता. नेमकी त्याच सुमारास मी रामघाटावर शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि दाणकन माकडहाडावर आपटले.

परीक्षेत तीन तास बाकावर बसायचं, आणि मला तीन मिनिटं बसवेना. उपचारांना तोटा नव्हता. पण दुखतं कुठे, हे बाईमाणसाने सांगायचं कसं? सासूबाई 'कंबर' म्हणाल्या, मीही मान डोलावली. मग कंबरेला तिळाचं तेल, कंबरेला वाळूचा शेक, कंबरेला पट्टा. माझी कंबर इतकी ठणठणीत आयुष्यात कधी नव्हती. दुखणं मात्र चार बोटं खाली मजेत होतं.

शेवटी देवास गेटजवळच्या दवाखान्यात गेलो. तिथेही माझ्या वतीने सासूबाईच बोलल्या, "बहू की कमर में दर्द है, डॉक्टरसाब." डॉक्टर पुन्हा पट्टाच लिहू लागले, तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कमर में नहीं," मी म्हणाले, "जहाँ से बैठते हैं, वहाँ."

सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला. डॉक्टर हसले. "ये पहले बताना था ना!" पट्टा रद्द झाला. रोज कोमट पाण्याच्या टबात बसायचं, आणि एरवी मध्ये भोक ठेवलेल्या गोल गादीवर, म्हणजे हाडावर भार येणार नाही.

त्याच गादीवर बसून मी परीक्षा दिली आणि पासही झाले. त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र आठवते ती गादी शिवली ती दुपार.

दवाखान्यातून येताना सासूबाईंनी रस्ताभर तोंडावरचा पदर काढला नाही. आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी भैरवगढच्या जुन्या छापील चादरीला मुकाट टाके घालत होते. त्या जवळ येऊन बसल्या, जरा एका अंगावर कलून. कापड चाचपलं.

"दोन शिव."

"दुसरी कुणाला, आई?"

"मला. तुझ्या नवऱ्याच्या वेळच्या बाळंतपणापासून दर्द आहे. तिथेच."

यजमान तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. मला आधी हसू आलं, मग भडभडून रडू आलं. मी पहिली गादी त्यांची शिवली.