माझ्याच रक्ताची लस

मला कॅन्सर आहे हे मला पुण्यातल्या एका फॉर्मवर वाचून कळलं. तोवर घरात सगळ्यांना माहीत होतं. सुनेच्या माहेरी दुधनीलाही माहीत होतं. मला सांगितलं होतं, लघवीच्या जागी सूज आहे.

लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा मी आधी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, बायकांचं असतं काहीतरी. माझं गर्भाशय काढून वीस वर्षं झाली, मग हे कुठून येतंय, असं मी विचारलं. उत्तर म्हणून गोळ्या आल्या. चार महिने गोळ्या खाल्ल्या. मग सोलापुरातल्या सर्जननी दुर्बिणीने गाठ खरवडून काढली आणि पुढे सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा, नळीने मूत्राशयात औषध सोडलं. दोन तास लघवी धरायची, या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहायचं. मुलगा म्हणाला, आतून धुतायत. मी धुवून घेतलं.

पुन्हा रक्त दिसलं तेव्हा सर्जन दार लावून मुलाशी बोलले. घरी दीड महिना कुजबुज चालली. मग मुलगा म्हणाला, पुण्याला जाऊ, तुझ्याच रक्ताची लस करून देतात, कापाकापी नाही. वाटेत कुर्डुवाडी स्टेशनला त्याने मला स्वतः उतरून चहा आणून दिला. एवढा लाड बघूनच मला संशय यायला हवा होता.

पुण्याच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने फॉर्म आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. नऊवारी बघून तिने ठरवलंच होतं. मुलगा फोनवर बोलायला बाहेर गेला होता. मी चौथी पास आहे. हळू वाचते, पण वाचते.

फॉर्मवर लिहिलं होतं, रुग्णाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांच्यापासून डेंड्रायटिक नावाच्या पेशी वाढवायच्या, त्यांना गाठीचा अंश दाखवून शत्रू कोण ते ओळखायला शिकवायचं आणि सुईने परत अंगात सोडायच्या. म्हणजे माझ्या पेशींना आजार काय ते सांगणार होते. मला नाही.

खाली लिहिलं होतं, मूत्राशयाच्या कर्करोगावर हा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. त्याच्या खाली, मूत्राशय काढण्याचा सल्ला दिला होता, रुग्णाने नाकारला. आणि वर, व्यवसाय गृहिणी. एकोणतीस वर्षं मी रंगखान्यात सुताच्या ओल्या लडी पिळल्या. कोपरापर्यंत हात कधी लाल, कधी निळे असायचे. त्याच हातांनी या मुलाला जेवू घातलं.

मुलगा आत आला तशी मी विचारलं, "मी कवा नाकारलं?"

"आई, तुला सहन झालं नसतं. पोटावर लघवीची पिशवी लावतात, कायमची. लोकांत कशी वावरशील?"

"माज्या पोटाला लागंल की. तुज्या शर्टाखाली न्हाय."

काउंटरवरच्या मुलीने पॅड मागे ओढला. मी तिचं पेन घेतलं, गृहिणी खोडलं, रंगखाना लिहिलं, आणि सही न करता उठले.

सोलापुरात सर्जन सवयीने मुलाकडे वळून बोलायला लागले. मी म्हणाले, "डॉक्टर, पोट माजं हाय. हिकडं बघून बोला."

बघितलं त्यांनी. मग पहिल्यांदा मला विचारलं, कुठे कामाला होतात का. रंगखाना म्हटल्यावर त्यांनी लिहून घेतलं. काही रंगांनी हा आजार होऊ शकतो, तुमचा त्यानेच झाला असं सांगता येणार नाही, असं म्हणाले. माझ्याबरोबर लडी पिळणाऱ्या बायका आज कुठे कुठे असल्या गोळ्या गिळत बसल्या असतील.

काढलं तर जगेन का, असं मी विचारलं. शक्यता चांगली आहे, खात्री देत नाही, म्हणाले. ती पिशवी मला एकटीला रिकामी करता येईल का, तेही विचारलं. येईल म्हणाले. मग काढा, म्हटलं.

आता ती मीच रिकामी करते. पाहुणे आले की मुलगा सांगतो, आमच्या आईची हिंमत लई. मी तिथेच बसलेली असते. त्या दीड महिन्यात गाठ किती वाढली, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येत नाही म्हणाले. मुलाने ते अजून विचारलेलं नाही.