फक्कीच्या रेघा

माझ्या धाकट्या जावेला नकाशा वाचता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या महिनाभरात मला तेवढाच एक आधार होता.

मी जळगावला एका सरकारी कार्यालयात आरेखक आहे. इमारतींचे नकाशे काढते, सव्वीस वर्षं तेच करते आहे. माझा नवरा आणि दीर, दोघंही फौजेत होते. नवरा निवृत्त होऊन धडधाकट घरी आला. दीरही आला, पण पुढं अर्धांगवायूनं दोन वर्षं अंथरुणावर राहून गेला. जाऊ धरणगावला असते, शेती बघते.

आमच्या कार्यालयाच्या मागं कर्मचाऱ्यांची तीन क्वार्टर्स बरीच वर्षं बंद पडलेली होती. भिंती शाबूत, पण अंगणात बाभळी. माजी सैनिकांच्या संघटनेनं ती मागितली. जामनेर, यावलकडचे म्हातारे फौजी दवाखान्याला नाहीतर हयातीच्या दाखल्याला जळगावला येतात आणि काम लांबलं की बसस्टँडच्या बाकावर मुक्काम करतात. त्यांना हक्काची जागा हवी होती. दुसऱ्या एका खात्याला मात्र तिथं जप्त केलेल्या गाड्या उभ्या करायच्या होत्या. साहेब पाहणीला येणार होते. आमचा आराखडा पटला तर प्रस्ताव वर जाणार, नाही पटला तर गाड्या येणार.

नकाशा मी काढणार, असं नवऱ्यानं संघटनेत मला न विचारताच सांगून टाकलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

दोन क्वार्टर्समध्ये खाटा, तिसऱ्यात स्वयंपाक आणि बसायची खोली. संडास-न्हाणी मागच्या अंगणापलीकडे, जुन्याच जागी, नव्यानं बांधून. आमच्याकडे घरं अशीच असतात. ज्या छपराखाली जेवायचं त्याच छपराखाली संडास, हे आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नव्हतं. मी त्यावर विचारसुद्धा केला नाही, हात आपोआप चालला.

संघटनेची बैठक आमच्या घरी झाली. मी नकाशा टेबलावर पसरला आणि तेवढ्यात जाऊ भरिताचा डबा घेऊन आली. नकाशावर दोन मिनिटं चर्चा झाली, भरितावर अर्धा तास. वांगी कुठली, कोणत्या काड्यांवर भाजली, सगळं विचारून झालं. माझ्या खोल्यांची मापं कुणी विचारली नाहीत.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली की तिला कागदावरचं काही समजत नाही, आपण जागेवर फक्की टाकून बघू या का. आमच्या भागात पाया खोदण्याआधी चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखतात आणि घरची माणसं त्या रेघांतून फिरून बघतात. मी म्हटलं, ते नव्या घराला, इथं भिंती उभ्या आहेत. पण बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या. सव्वीस वर्षांत माझ्या सूचनेला इतक्या झटपट माना डोललेल्या मला आठवत नाहीत.

पाहणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही तिथं जमलो. बाभळी तोडून झाल्या होत्या. मी मापं सांगत गेले, ती उकिडवी बसून रेघा ओढत गेली. खाटा आखल्या, संडासही आखला. तिनं धरणगावहून एका म्हाताऱ्या फौजींना सोबत आणलं होतं. सगळे त्यांना नाना म्हणतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते वॉकर घेऊन चालतात. खाटेच्या रेघांत सतरंजी टाकून तिनं त्यांना आडवं केलं.

"नाना, आता संडासला जा."

लोक हसले. नानाही हसत उठले. उंबऱ्यापाशी वॉकर अडला, तो दोघांनी उचलून दिला. अंगणाच्या मध्यावर नाना थांबले. पलीकडची रेघ अजून बरीच लांब होती.

"बेटा, रातले मी आठे पडसू," ते तिला म्हणाले. नकाशा माझ्या हातात होता, तरी तिला.

रात्री इथं पडेन, हे ऐकल्यावर मग कुणी हसलं नाही. ती हात झटकत उभी राहिली.

"अक्का, आमच्या यांना मी दोन वर्षं असंच अंगण ओलांडून न्यायची. पावसातसुद्धा."

ती दोन वर्षं मी सणावाराला धरणगावला जात होते. ते अंगण मी पाहिलं होतं, तिचा खोचलेला पदरही पाहिला होता. चहा पिऊन परत येत होते. जे तिला ठाऊक होतं ते कसं ठाऊक झालं, हे मला पुरेपूर माहीत होतं. तरी मी जळत होते. हे वाचायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

दुपारभर बसून मी नकाशा बदलला. संडास खोलीच्या आत घेतला, उंबरा काढला, भिंतीला धरायला दांडा दाखवला. दार किती रुंद ठेवू, असं विचारलं तर तिनं दोन्ही हात फाकवून दाखवले, "एवढं. धरणारी बाई पण मावली पाहिजे." मी टेप लावली. साडेतीन फूट भरले. संध्याकाळी तिनं रेघाही नव्या मापानं ओढल्या.

साहेब आले ते कागद न बघता फक्कीच्या रेघांतून चालत गेले. प्रश्न तिला विचारले. माझा नकाशा फायलीला जोडायला घेतला.

मंजुरी यायला सहा-सात महिने लागले. आता तिथं खाटा आहेत आणि तो नकाशा आत शिरताच भिंतीवर लावलेला आहे. कोपऱ्यात 'आरेखन' या शब्दापुढं माझं नाव आहे. त्याखाली 'सूचना' म्हणून तिच्या नावाची आणखी एक ओळ सहज बसली असती. मी ती लिहिली नाही.

जागा सुरू झाली त्या दिवशी जाऊ त्या नकाशापुढं उभी राहिली. तिनं बोट फिरवत फिरवत संडासाचं दार बरोबर शोधून काढलं.

"अक्षर किती रेखीव आहे तुमचं, अक्का," ती म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

आतून नानांनी हाक मारली. त्यांना आपली खाट दाखवायची होती. हाक तिला होती. ती गेली.