मेलेल्या मावशीचा संसार

एकाच नावाची दोन गिऱ्हाइकं दुकानात आली, की औषधवाल्या बाई त्यांच्या पिशव्या काउंटरच्या दोन टोकांना ठेवत. आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग जन्मसाल, आणि मगच गोळ्या. गिऱ्हाईक वैतागलं तरी बेहत्तर. एकाच्या रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्याच्या पोटात गेल्या तर निस्तरणार कोण, असं त्या चष्म्यावरून बघत विचारत. साठी उलटली तरी बाईंनी दुकानातलं स्टूल सोडलं नव्हतं, आणि नाकावरचा रागही.

अशा बाईंच्याच घरात एकाच नावाच्या दोन माणसांची सरमिसळ व्हावी, याला काय म्हणायचं?

झालं असं की बाईंच्या सुनेने इंटरनेटवरचा एक वंशवृक्ष शोधून काढला. जगभर पांगलेल्या ज्यू घराण्यांतली माणसं त्यात आपापले पूर्वज भरतात. झाड सगळ्यांचं सामाईक, त्यामुळे कुणीही यावं, एक फांदी जोडावी, दुसरी तोडावी. सुनेने मोठ्या हौसेने तो टॅबलेट आजेसासूबाईंच्या मांडीवर ठेवला. बाईंच्या आई नव्वदीच्या. अक्षर मोठं केलं की अजून वाचता येतं. वाचता वाचता त्यांचं बोट एका चौकटीवर थांबलं. ती त्यांच्या धाकट्या बहिणीची चौकट होती.

ती बहीण सहा वर्षांची असताना घटसर्पाने गेली होती. झाडात मात्र ती वाढली, समुद्रापलीकडे जाऊन लग्न करून बसली, तिला पाच मुलं झाली आणि ब्याऐंशी वर्षांची होऊन ती सुखाने वारली. सोबत फोटोही होता. मोत्यांची माळ घातलेली, पिकल्या केसांची, गालात हसणारी बाई.

आईंनी तो फोटो मोठा करून पाहिला.

"जगली होती का ती?" त्या म्हणाल्या. "मग मला एकदाही भेटायला कशी आली नाही?"

म्हातारपणाचा घोळ म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नव्हतं. बहीण आजारी पडली तेव्हा आई नऊ वर्षांच्या होत्या. संसर्ग नको म्हणून त्यांना शेजारी ठेवलं होतं. परत आल्या तेव्हा धाकटीचा पलंग हलवलेला होता आणि मोठ्यांपैकी कुणी तिच्याबद्दल ब्र काढत नव्हतं. पुढे ते गावच सुटलं. नोंदणीचं ऑफिस जाळलं गेलं, दफनभूमीवरून रस्ता गेला. ना कागद उरला, ना दगड. आईंनी बहिणीचं मरण डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. म्हणून ऐंशी वर्षांनी एका चौकटीमुळे त्यांच्या मनात पाल चुकचुकली. बहिणीच्या खांद्यावरची शाल आपण ओढून घेतली होती, त्याचा तर तिने राग धरला नसेल ना, असं त्या येताजाता विचारू लागल्या. जेवण निम्म्यावर आलं. आणखी एक गोष्ट झाली. त्या लेकीला नावाने हाक मारीनाशा झाल्या. नुसतं "अगं", नाहीतर "ऐक ना". बाईंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी ते वयावर ढकललं.

सरमिसळ कशी झाली हे शोधायला बाईंना फार वेळ लागला नाही. त्यांच्या ज्यू लोकांत बाळाला गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात, घरातल्या जिवंत माणसाचं कधीच नाही. आजी वारली, की तिच्या प्रत्येक मुलाच्या घरी एकेक नात त्याच नावाची निघते. तसंच इथे दोन सख्ख्या भावांच्या घरी झालं होतं. एकाची मुलगी सहाव्या वर्षी गेली, दुसऱ्याची परदेशी जाऊन ब्याऐंशीची झाली. आजी एक, नाव एक, वयात जेमतेम दोन वर्षांचं अंतर. कुणा शहाण्याला वाटलं की हे एकच माणूस दोनदा लिहिलंय. त्याने दोन मुलींची एक केली आणि जास्तीचा बाप काढून टाकला.

बाईंनी दोघींना पुन्हा वेगळं केलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर दोघी परत एक! खाली शेरा होता, "पुराव्याशिवाय छेडछाड करू नये." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेरा मारणारे गृहस्थ नात्याने आईंचे लांबचे भाऊ निघाले, म्हणजे बाईंचे मामाच. निवृत्त इंजिनिअर. झाडात चाळीस हजार माणसं सांभाळतो, असं फोनवर पहिल्याच वाक्यात त्यांनी सांगून टाकलं. बाईंच्या मते सांभाळणं वेगळं आणि कोंबणं वेगळं, पण त्यांनी जीभ आवरली. आई अजून जिवंत आहे, गेलेल्या मुलीची सख्खी बहीण आहे, तिला विचारा, असं त्या म्हणाल्या. मामा सौम्यपणे हसले. म्हाताऱ्यांच्या आठवणींवर झाड चालत नाही म्हणाले. परदेशातल्या बाईचा दाखला आहे, फोटो आहे, सहा वर्षांच्या मुलीचं काय आहे? तिच्या नावावर एक चिठोरंही नाही.

म्हणजे ज्याचं सगळं जळालं, त्याने जन्मलोच नाही म्हणून गप्प बसायचं! इतकी सोय तर आग लावणाऱ्यांनीही मागितली नसेल. बाईंनी फोन आपटला आणि तशाच तणतणत आईच्या खोलीत गेल्या.

आई खिडकीशी बसल्या होत्या. बाईंनी रागाच्या भरात विचारून टाकलं, की तू तरी मला नीट नावाने हाक का मारत नाहीस, मी काय केलंय?

आईंचे डोळे भरले. "कशी मारू? ती जिवंत होती, आणि मी तिचं नाव तुला दिलं. जिवंत बहिणीचं नाव लेकीला देतं का कुणी? तिचं आयुष्य तोडल्यासारखं झालं ते."

 बाईंनी तिथूनच, आईसमोर, मामांना परत फोन लावला.

"मामा, झाडात माझ्या आईच्या खाली एक चौकट आहे. त्यात काय दिसतं तुम्हाला?"

काहीच नाही, मामा म्हणाले. "हयात" एवढंच. जिवंत माणसांची नावं झाकलेली असतात, ती कुणालाच दिसत नाहीत.

"ती मी. माझं नाव सांगते, लिहून घ्या." आणि बाईंनी आपलं नाव सांगितलं.  "चुलत बहिणीचं नाव तेच असलं तर चालतं, घरोघरी असतं. पण सख्खी बहीण जिवंत असताना तिचं नाव मुलीला? आपल्यात? तुम्हाला स्वतःला कुणाचं नाव ठेवलंय, मामा?"

"आजोबांचं," मामा हळूच म्हणाले. "माझ्या जन्माआधी वारले ते."

"मग? चाळीस हजार माणसं जोडताना एवढंही सुचलं नाही? अशा आणखी किती पोरी दुसऱ्यांच्या संसारात ढकलल्यात तुम्ही?"

 दोघींना वेगळं करतो, एवढंच मामा म्हणाले, आणि त्यांनी ते केलंही. बाकीची माणसं पुन्हा तपासीन, असंही पुटपुटले. बाईंचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

त्यांनी आईला टॅबलेट दाखवला. मोत्यांच्या माळेवाली बाई आपल्या बापाच्या फांदीवर गेली होती. आईंच्या शेजारी एक लहान चौकट होती. फोटो नाही, नवरा नाही, मुलं नाहीत. आयुष्य, सहा वर्षं.

"माझं नाव कुणी सुचवलं होतं, आई?"

"माझ्या आईने," आई म्हणाल्या. "तूच ठेव म्हणाली. हट्टच धरला तिने."

"तिनेच धाकटीला माती दिली ना? मग ती जिवंत मुलीचं नाव द्यायला सांगेल का?"

आईंनी त्या रिकाम्या चौकटीवरून बोट फिरवलं. बहीण मेल्याचं त्यांना ऐंशी वर्षांनी पुन्हा कळलं होतं, आणि त्या रडत होत्या.

"म्हणजे ती रुसली नव्हती माझ्यावर," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे पुसले, लेकीला नावाने हाक मारली आणि जेवायला वाढ म्हणाल्या.