आईने मोठ्याने घेतलेलं बाबांचं नाव

आईने नाव घेतलं आणि बाबा गेले.

असं आई शेवटपर्यंत मानायची.

मी मॅट्रिक झालेली बाई. बाबा मुदतीच्या तापाने गेले हे मला ठाऊक आहे. तरी आज त्यांच्या पुण्यतिथीला पूजा झाली, देव तीनदा पुसून झाले, आणि मन काही जागेवर येत नाही.

म्हणून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून काढलं. आता फोनवर उतरवते आहे.

इंग्रजांचं राज्य होतं आणि नागपूर आपल्या प्रांताची राजधानी होती, तेव्हाची गोष्ट.

बाबा, गोविंद सदाशिव, अमरावतीच्या एका जिनिंग फॅक्टरीत अकाउंटंट. आजोबा भाजी पिकवून विकायचे. घराण्यात पेन धरणारे बाबाच पहिले.

‘याला हिशेब कळतो’ म्हणून वॉर्डाने त्यांना नगरपालिकेत निवडून पाठवलं.

तिथे त्यांनी मतदारांची यादी आणि मयतांचं रजिस्टर शेजारी ठेवलं. लाल पेन्सिलीने एकेक नाव तपासलं.

तीन मेलेली माणसं मत देऊन गेली होती. त्यातले एक आमचेच चुलत आजोबा!

“ताळा जमला पाहिजे,” हे बाबांचं नेहमीचं. भांडून त्यांनी नियम करून घेतला. मत देणाऱ्याने स्वतःचं आणि बापाचं नाव, बाईने नवऱ्याचं, आपल्याच तोंडाने सांगायचं. शेजारच्याने सुचवलेलं चालणार नाही.

सभेत सगळे पुरुष. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हणायचे. आई तर भजनात ‘गोविंद’ आला की “मुरलीवाला” म्हणायची आणि सगळ्यांचा टाळ चुकायचा.

पुढच्या निवडणुकीत आई आणि वॉर्डातल्या बावीस बाया मत न देता परत आल्या.

बाबा एकोणीस मतांनी पडले.

“अकाउंटंटनं सोताचीच बायको वजा केली ना बे!” पानठेल्यावर लोक हसायचे.

काका म्हणाले, “दादा, तक्रार तं करा.”

“नियम माह्याच हाये. कोणाची तक्रार करू?”

पुढे प्रांताच्या असेंब्लीची निवडणूक लागली. पडूनही हा माणूस नियमाविरुद्ध बोलला नाही, म्हणून की काय, तिकीट बाबांनाच मिळालं. आमच्या केंद्रावर रीत तीच होती.

आई अंबाडीची भाजी निवडत होती. एकदम म्हणाली, “यंदा मी घेईन तुमचं नाव. पण तुमाले काही झालं तर?”

“अवं, नाव घेतल्यानं माणूस मरते काय? जिनात दिवसातून शंभर डाव लोक माह्यं नाव घेतात. मी कधीचाच खपलो असतो.”

“ते तुमच्या बायका हायेत काय?”

बाबा उठून तिच्यासमोर बसले आणि अंबाडी निवडू लागले.

मतदानाला मी आईचा हात धरून गेले. आठ वर्षांची होते. शाळेच्या वर्गात टेबलामागे साहेब बसलेला.

“नवऱ्याचं नाव?”

आई तोंड उघडायची, मिटायची.

मला राहवलं नाही. “गोविंद सदाशिव!” मीच ओरडले.

“पोरी, तू नको. त्यांना सांगू दे.”

आई पुटपुटली.

“मोठ्यानं, बाई.”

आणि आई मोठ्याने बोलली. इतकं मोठ्याने की रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या बाबांनी वर पाहिलं.

मागच्या बायांनी हे ऐकलं. मग एकेक जण पुढे आली. कोणी लाजत, कोणी पदर तोंडात धरून, एक तर चक्क शिवी दिल्यासारखी. सगळ्यांनी आपापल्या नवऱ्याची नावं घेतली.

बाबा निवडून आले. नागपूरहून घरी आले की सांगायचे, “माह्ये आकडे आयकता आयकता समोरचे दोघं झोपले. तिसरा उठून गेला.” आई पोळी लाटता लाटता हसायची.

वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांना नागपूरहून मोटारीत घालून आणलं. ताप एकवीस दिवस उतरला नव्हता.

घरभर रडणं. आई माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, “मी घेतलं व माय त्याहिचं नाव.”

तेव्हापासून एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. त्या साहेबाने माझ्या तोंडचं नाव चालवून घेतलं असतं तर?

पण शेजारच्याने सुचवलेलं चालत नव्हतं. नियम बाबांचा होता.

मग स्वराज्यातली पहिली मोठी निवडणूक आली. आता मत सगळ्यांनाच. आईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मी पुन्हा सोबत.

टेबलावरच्या कारकुनाने तिचं नाव विचारलं, यादीत खूण केली. “जा पुढे, मावशी.”

आई हलली नाही.

“मालकाचं नाव नाही इचारलं?”

“गरज नाही, मावशी. यादीत आहे.”

“असू दे. मी सांगते.”

आणि तिने पूर्ण नाव सांगितलं. वर म्हणाली, “अकाउंटंट होते.”

त्या संध्याकाळी भजनात तिने ‘गोविंद’ म्हटलं. टाळ चुकला नाही.

तिने स्वतःला माफ केलं होतं, की आता गमवायला काही उरलं नव्हतं? मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

परवा अकोल्याच्या आमच्या घरी मतदार यादीचं काम करणाऱ्या मॅडम आल्या होत्या.

“आजी, वडिलांचं नाव?”

“गोविंद सदाशिव.” छाती भरून सांगितलं.

“आणि यजमानांचं?”

हे समोरच खुर्चीत पेपर वाचत होते. वय एक्याण्णव. पेपर खाली करून म्हणाले, “सांगा की!”

मी उठले, कपाटातून यांचं आधार कार्ड काढलं आणि मॅडमच्या हातात दिलं.

बाबा, तुमच्या लेकीचा ताळा अजून जमलेला नाही.

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.