कोयता उगारणारी काकी

आमच्या शेजारच्या काकीने आजवर जितक्या जिवांना ठार मारायची धमकी दिली आहे, तितकी नावं आमच्या लाटंबार्सेच्या मतदारयादीतही सापडणार नाहीत. सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की काकी अंगणात हजर. "परत असले दगडासारखे उंडे हाडलंस, तर सायकलीसकट बांयत बुडयतलंय तुका!" असं विहिरीकडे बोट दाखवून त्याला बजावायचं आणि लगेच कपभर चहा त्याच्या हातात द्यायचा, हा तिचा रोजचा शिरस्ता. मांजराची मान ती दिवसातून तीनदा मुरगळणार असते आणि माशाचं डोकं मात्र त्याच मांजरासाठी बाजूला काढते. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात मी तापाने पडले, तेव्हा काकी पेजेची वाटी घेऊन उशाशी बसली आणि म्हणाली, "सगळी पेज संपव, नायतर लाटण्यान पाठ फोडतलंय." माहेरी मला असं कुणी बोललं नव्हतं. मी रडत रडत पेज संपवली. पुढे कळलं, काकीने ज्याला धमकी दिली नाही तो तिच्या लेखी परका.

माझा नवरा वास्कोला बंदरात कामाला, घरी येतो तो रविवारी. मी डिचोलीला एका डॉक्टरांकडे केसपेपर लिहिते. त्यामुळे आमची सई, यंदा पहिलीत गेलेली, शाळा सुटली की संध्याकाळपर्यंत काकीच्याच ताब्यात. काकीच्या परसात एक फणस आहे, तो काही केल्या धरत नाही. अशा झाडाला धाक घालायची काकीच्या माहेरची रीत आहे. एकाने कोयता उगारून "देतस काय कापू?" म्हणायचं आणि दुसऱ्याने झाडाच्या वतीने गयावया करायची. गयावया करायला काकीने सईला उभं केलं. "नको गो आजी, फुडल्या वर्सा देतलो तो!" असं सई इतकं कळवळून म्हणाली की काकीने कोयता टाकून तिचे मुके घेतले. फणस ढिम्म हलला नाही, पण त्या दोघींना तो खेळ इतका आवडला की महिनाभर त्याच्याशिवाय संध्याकाळ होईना.

आणि मग एका सकाळी अकरा वाजता टीचरांचा फोन आला. सईने वर्गातल्या एका मुलीला कोयत्याने कापायची धमकी दिली होती. मी पुढच्या बसने निघाले. वाटेत माझ्या मनात काय काय आलं ते आता सांगायलाही नको वाटतं. शाळेतून नाव काढतील, गाव म्हणेल आईबाप कामावर आणि पोर वाऱ्यावर, हे तर होतंच. पण त्याहून वाईट एक विचार होता. माझ्या पोटच्या पोरीत खरंच असलं काही असेल तर? गेली सहा वर्षं मी जिला न्हाऊमाखू घालते ती मला कळलीच नसेल तर? बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि मला ती पोचावी असंही वाटत होतं आणि नाहीही.

ती मुलगी नवी, बेळगावकडून आलेल्या कामगाराची. "दोन दिवस आली नाही," टीचर म्हणाल्या. "आज तिच्या आईने कारण सांगितलं. मुलगी घाबरली आहे. या आठवड्यात आली नाही, तर मला वर कळवावं लागेल." मी सईला जवळ घेऊन विचारलं. ती जराही गडबडली नाही. "ती डबोच उघडी नाय होती. म्हणान मी धाक घातलंय. मगे मी वाट बघलंय. पण कोणच 'नको' म्हणूक इलो नाय."

टीचरांना मी फणसाची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मला पटलं हो," त्या म्हणाल्या, "पण त्या मुलीला हे कोण सांगणार?"

घरी येऊन मी काकीला तोडून बोलले. "पोरीसमोर जरा जपून बोल गो काकी!" मला वाटलं, आता माझीच मान मुरगळायला निघेल. ती आत गेली. धुतलेलं लुगडं नेसून आली आणि सईचा हात धरून म्हणाली, "चल, घर दाखय त्यांचां."

एका खोलीचं घर. मुलीची आई दारात आली, आम्ही कोण ते कळल्यावर दारातच उभी राहिली. "लेकरू झोपेत दचकतंय ओ," ती म्हणाली. "कोयता, कोयता म्हणतंय." काकीने तोंड उघडलं आणि मी तिचा दंड धरला, कारण त्या तोंडातून काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता. काकी मटकन पायरीवर बसली. "चूक ह्या पोराची नाय गो बाय, माझी. माझ्या जिभेक हाड नाय."

मुलगी आईच्या पदराआडून बघत होती. सई पुढे झाली. "तू 'नको' म्हण," तिने समजावलं. "मगे आजी कायेक करणा नाय."

मग पदराआडून, ऐकू येईल न येईल असं, "नको" आलं. काकीने दोन्ही रिकामे हात पुढे धरून त्या मुलीला दाखवले आणि मुकाट्याने मांडीवर ठेवले. मुलीने ते पुन्हा दाखवायला लावले. काकीने दाखवले.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली. आता त्या दोघी एका बाकावर बसून डबा खातात. टीचरांनी वर काही कळवलं नाही. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

काकी मात्र गोड बोलायला लागली आहे. मांजरालाही "ये गो बाय" म्हणते. रोज सई शाळेतून आली की ती कुंपणापाशी येते, त्या मुलीबद्दल हळू आवाजात विचारते, "तां पोर जेवलां मा आज?" आणि हो म्हटलं की आत जाते. पावसात भिजून आले तरी मला काही म्हणत नाही. आजी आजारी आहे का, म्हणून सई विचारते. जपून बोल म्हणून सांगणारी मीच. आता पूर्वीसारखी बोल म्हणून सांगायला मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेले, आणि तिने "बस गो बाय, चाय घेतंस?" असं परक्या माणसाला विचारावं तसं विचारल्यावर चहा पिऊन परत आले.