अख्खे शेंगदाणे

भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आला की मी आजही जिवतीच्या डोंगरातल्या त्या अंगणवाडीत जाऊन पोचते. प्रशिक्षण संपवून मी तिथे सेविका म्हणून रुजू झाले, त्याला जेमतेम महिना झाला होता. तीन वर्षांची सुगंधा रडत होती. तिला गप्प करायला मीच तिच्या हातावर मूठभर दाणे ठेवले.

हुंदक्यासरशी दाणा घशात अडकला. रडणं एकदम थांबलं. डोळे विस्फारले, ओठ निळे पडत चालले, आणि मी नुसती उभी. शिकलेलं काहीच आठवेना.

"बाई, पाहून काय राह्यल्या? पालथी करा तिले!" मदतनीस शेवंताबाई ओरडल्या.

मी तिला मांडीवर पालथं घेतलं आणि पाठीवर थापा मारत राहिले. किती, कोण जाणे. शेवटी दाणा जमिनीवर पडला आणि तिने टाहो फोडला.

दुपारी तिची आई आली. माझे हात धरून म्हणाली, "माही पोरगी तुमच्यामुळे वाचली, बाई."

मी होकारार्थी मान डोलावली. तेव्हा भीती नोकरी जाण्याची होती. आता ते निळे ओठ आठवून अंगावर काटा येतो. नव्या सेविकांना शिकवताना ही चूक मी सगळ्यात आधी सांगते. त्या आईला मात्र अजून सांगितलेली नाही.