सरांचे वर गेलेले हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: आमच्या सोसायटीतला शेवगा माझ्या लबाडीने तुटला. पण त्याआधी सर सांगायला हवेत, कारण वैतागावं कसं हे सबंध देवळाली कॅम्पात फक्त त्यांनाच कळतं.

सर म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा वैताग इंग्रजीत सुरू होतो आणि अंगात उतरतो. नळाला पाणी आलं नाही की ‘आय ॲम टेअरिंग माय हेअर!’ म्हणत ते केस उपटायला घेतात. टकलावर काही हाती लागत नाही, म्हणून कानामागच्या चार केसांवर भागवतात. ‘बँगिंग माय हेड अगेन्स्ट अ वॉल’ म्हणायचं झालं तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवतात, मग कपाळ आपटतात, तेही हलकेच. एकदा एक रिक्षावाला स्टेशनला यायला तयार होईना. सरांनी हताश होऊन, अगदी साहेबी थाटात, खांदे उडवले. तो कळवळला, “बाबा, खांदा लय दुखतोय का? बसा, सोडतो.” सर मला म्हणाले, “बघ, वाक्प्रचार अंगाने बोलला की पोचतो!”

शेवगा त्यांनीच लावलेला. शेंगा आल्या की बाराही घरांत वाटायचे. पण त्याच्याखाली माझी नवी गाडी उभी असायची आणि टपावर सुरवंट पडायचे. झाड तोडायचा ठराव आला. मी सेक्रेटरी, हात मोजणं माझ्याकडे. माझा धरून सहा हात वर झाले. बारांत सहा, म्हणजे ठराव बारगळलाच. तेवढ्यात समोरच्या काकू म्हणाल्या, “अहो सर, दारात शेवगा असला की घरात भांडणं होतात!”

“आय थ्रो अप माय हँड्स!” सर ओरडले आणि दोन्ही हात छताकडे गेले.

हा निव्वळ वैताग आहे हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून लिहिलं: सात. वाचून दाखवलं, तेव्हा सर सातवा कोण ते एकेकाच्या तोंडावर शोधत होते. त्यांचे हात अजून वरच होते.

झाड पडलं त्या दिवशी शेवटच्या शेंगा घेऊन ते माझ्याच दारात आले. “कोण फिरलं असेल रे?”

मी खांदे उडवले.

“छान जमायला लागलं तुला,” ते म्हणाले.

सरांना मी एक मत देणं लागतो. आणि त्या सातव्याचं नाव.